पॉलीनबाईंची पट्टी

साउंड चेकला बाई आल्या नाहीत, तेव्हा मी सारखा घड्याळ बघायला लागलो. आंतोन, आमचा गोव्याचा ड्रमर, म्हणाला, "ट्रॅफिकमध्ये अडकली असेल रे, शारजाचा रोड आज जाम आहे." मी म्हटलं, "अरे बाबा, ती हॉटेलच्या मागच्या स्टाफ बिल्डिंगमध्ये राहते. तिला कसला आलाय शारजाचा रोड?" इतक्या वर्षांत बाई साउंड चेकला उशिरा आल्या असं कधी झालं नव्हतं. उलट आम्हीच धापा टाकत पोचायचो आणि त्या पियानोला टेकून, हातात गरम पाण्याचा कप धरून उभ्या असायच्या. शेवटी हाउसकीपिंगच्या माणसाने खोली उघडली... दुपारी जेवून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. लाउंजच्या लेबनीज मॅनेजरला हे सांगायला मीच गेलो. माणूस भला आहे. खुर्चीत बसला, दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि म्हणाला, "खलास, हबीबी. आज म्युझिक नाही." मी पियानोचं झाकण लावलं आणि बसने करामाला घरी आलो. दार उघडताच बायकोने, सुनंदाने विचारलं, "एवढ्या लवकर कसे?" मी तिला आधी खाली बसवलं.

पुरवणीच्या संपादकांनी माझ्याकडे दुबईवर लेख मागितला होता. सोन्याची दुकानं, उंच इमारती, वाळवंटातल्या जीपगाड्या असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मी त्यांना फोनवर सांगून टाकलं, मला सध्या एकाच माणसावर लिहिता येईल, बघा चालतंय का. चालतंय म्हणाले. तेव्हा वाचकहो, तुम्ही ज्यांचं नाव कधी ऐकलं नाही, आणि आता ऐकून काही उपयोगही नाही, अशा एका इंग्लिश पॉप गायिकेबद्दल हे लिहितोय.

पॉलीनबाई इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, मासेमारीच्या एका गावातल्या. आई मासळी बंदरावर पेट्या भरायची. बाई चर्चच्या हॉलमध्ये गायच्या. एकोणिसाव्या वर्षी त्यांचं गाणं रेकॉर्डवर आलं आणि ते असं काही गाजलं की दुधवाल्यापासून पोलिसापर्यंत जो तो तेच गुणगुणायला लागला. बोटीवर गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या मुलीचं गाणं. शेवटच्या ओळीत सूर सरळ वर चढतो आणि तिथेच राहतो. टीव्हीवर बोलावणी, मासिकांच्या कव्हरवर फोटो, हे भलेमोठे खोटे पापणीचे केस... दोन वर्षं बाई हवेत होत्या. पुढची रेकॉर्ड पडली, त्याच्या पुढचीही पडली. लग्न झालं, मोडलं. एक मुलगी झाली, ॲलिसन. तिला आजीकडे ठेवून बाई कामाच्या मागे फिरायला लागल्या. खाणकामगारांचे क्लब, सुट्टीचे कॅम्प, महिनोन्‌महिने क्रूझवर, मग सायप्रस, बहारीन, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे, आमच्या लाउंजमध्ये. मला एकदा म्हणाल्या, "मास्टर, त्या गाण्यातली मुलगी किनाऱ्यावर थांबते ना? मी मात्र बोटीवर निघून जाणारी निघाले." त्या इंग्रजीतच बोलायच्या, मी इथे मराठीत सांगतोय. पण 'मास्टर' हा शब्द त्यांचाच. मी कोल्हापूरचा, ऑर्केस्ट्रातून आलेलो. आमच्याकडे पेटीवाल्याला मास्टर म्हणतात हे त्यांना कळलं, आणि त्या दिवसापासून मी मास्टर आणि त्या बाई. पियानो वाजवत असलो तरी आतून मी पेटीवालाच.

आता हे पट्टीचं सांगायला हवं. गायकाचा सूर कुठल्या पट्टीवर धरायचा हे आम्ही पेटीवाले पेटीच्या पट्ट्यांच्या रंगावरून आणि नंबरावरून सांगतो. काळी पाच, पांढरी सहा, काळी चार... असं उतरत गेलं की गाणं खालच्या सुरात येतं. बाईंचं ते गाणं मूळ काळी पाचमधलं. पहिली दोन वर्षं त्या ते काळी पाचमध्येच गायच्या. लाउंजमधले पिकल्या केसांचे इंग्लिश साहेब शेवटच्या सुराला ग्लास खाली ठेवायचे. मग एका संध्याकाळी तो सूर चिरकला. कुणाला फारसं कळलं नसेल, मला कळलं, बाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुमच्या त्या रंगांमध्ये सांगा, एक खाली म्हणजे काय?" मी म्हटलं, "पांढरी सहा." झालं. तेव्हापासून स्टेजवर माइकपासून तोंड फिरवून बाई हळूच म्हणायच्या, "पांडरी साहा, मास्टर," आणि लोकांना वाटायचं काहीतरी इंडियन आशीर्वाद वगैरे चाललाय! मॅनेजरने एकदा मला विचारलंसुद्धा, "ती रोज काय प्रार्थना म्हणते?" आंतोन हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. वर्षं गेली तशी पट्टी उतरली. काळी चार, पांढरी पाच... काळी तीन. प्रत्येक वेळी बाई जरा खट्टू व्हायच्या, दोन दिवस माझ्याशी तुसड्यासारख्या वागायच्या, जसं काही मीच त्यांचा गळा खाली ओढतोय. मग आपणच सुनंदासाठी बिस्किटांचा डबा घेऊन घरी यायच्या.

रमजानमध्ये इथे हॉटेलांत गाणंबजावणं बंद असतं. आम्ही वाजवणारे लोक त्या महिन्यात रिकामे, आणि बाई मुक्कामाला असल्यासारख्या आमच्या करामाच्या घरी. सुनंदाला त्या 'सुनँडा' म्हणायच्या, ती त्यांना पॉलीनताई. एक सोलायची, दुसरी चिरायची आणि दोघी एकमेकींच्या भाषेतलं अर्धंमुर्धं समजून तासन्‌तास बोलायच्या. अशाच एका रमजानमध्ये बाई आल्या त्या चेहऱ्यावर वेगळंच तेज घेऊन. इंग्लंडमध्ये त्यांच्या काळातल्या गायकांचा एक मोठा कार्यक्रम ठरला होता आणि त्यांना बोलावणं आलं होतं. एकच गाणं, तेच. मी म्हटलं, "वा! अभिनंदन." त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. ॲलिसन येणार आहे. मास्टर, माझ्या मुलीने मला स्टेजवर कधी ऐकलेलं नाही. लहानपणी आजी तिला येऊ द्यायची नाही, मोठी झाल्यावर तीच यायची नाही. आता हो म्हणालीय." आणि मग माझा हात धरून, "मला तो सूर लागेल का?"

मी रियाज घ्यायला लागलो. शेजारी दापोलीकडच्या खतीजाभाभी, त्यांचे रोजे. मी आधी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "गाऊ दे की त्यांना! खिडकी तेवढी लावून घ्या, सासऱ्यांची दुपारची झोप असते." वर संध्याकाळी रोजा सोडल्यावर सांदणांची ताटली पाठवायच्या. बाईंनी त्या महिन्यात जिवाचं रान केलं. पण काळी पाच काही केल्या येईना. एक दिवस त्यांनी मला सरळ विचारलं, "खरं सांगा." मी खरं सांगितलं, "बाई, नाही लागणार." सुनंदा आतून लाटणं घेऊन बाहेर आली, "अहो, काही जनाची मनाची आहे की नाही तुम्हाला!" पण बाई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. मी म्हटलं, "तिथल्या मास्टरला सांगा ना, काळी तीनमध्ये वाजव. कुठलाही वादक वाजवेल, त्यात काय अवघड आहे?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "खरंच की!" म्हणाल्या. मग आम्ही गाणं काळी तीनमध्ये बसवलं, आणि काय सांगू तुम्हाला... त्या खालच्या सुरात त्या गाण्याला जे वजन आलं ते मूळ रेकॉर्डवर नव्हतं. एकोणीस वर्षांच्या पोरीला वाट बघणं म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार? सुनंदा पोळ्या टाकून दारात येऊन उभी राहिली होती.

आयुष्यभर वादकांबरोबर काम केलेली आम्ही दोन माणसं. तिथे वादकच नसतील, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या.

पुढचं त्यांनी परत आल्यावर सांगितलं, आणि तेही एकदाच. तिथे सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं. संगीत यंत्रातून येणार, मूळ पट्टीत. बाईंनी पट्टी उतरवायचं म्हटल्यावर तिथला एक तरुण गोड हसून म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. आम्ही तुमच्या जुन्या रेकॉर्डवरचा आवाजच लावू, तुम्ही फक्त ओठ हलवा. सगळे तेच करतायत." सगळे खरंच तेच करत होते. बाईंचा नंबर आला. अंगावर निळा झगा, नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, गाणं सुरू झालं... आणि पडद्याआड उभ्या बाईंनी आपला एकोणीस वर्षांचा आवाज ऐकला. "माझे पायच उचलेनात, मास्टर. मी माझ्या मुलीसमोर जाऊन त्या पोरीच्या आवाजाखाली तोंड हलवू? मग ॲलिसनने ऐकलं कुणाला?" रिकाम्या स्टेजवर गाणं थोडं वाजलं, मग बंद केलं गेलं. ॲलिसन पुढच्या रांगेत बसली होती. नंतर ती बाईंना एवढंच म्हणाली, "तू मला पुन्हा थांबायला लावलंस." आणि निघून गेली.

हे सांगून झाल्यावर बाई स्टेजवर चढल्या. त्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं नाही. सगळ्या लाउंजला ऐकू जाईल असं माइकमध्येच म्हणाल्या, "काली तीन, मास्टर." मी काळी तीन धरली. पुढची वर्षं त्या तशाच गायल्या, काही न लपवता. साहेबलोकांपैकी काहींनी कुरकुर केली, काही यायचे बंद झाले, पण जे राहिले ते गाणं संपल्यावर लगेच टाळ्या वाजवत नसत. मी मुद्दाम सांगतो, बाई त्यांच्या आयुष्यात सगळ्यात चांगल्या कधी गायल्या असतील तर त्या वर्षांत, एका हॉटेलच्या लाउंजमध्ये, काटेचमच्यांच्या आवाजात. ॲलिसनशी हळूहळू फोन सुरू झाले. ती शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुबईला येते म्हणाली होती. बाईंनी सुनंदाला घेऊन पडद्याचं कापड आणलं, मुलगी येणार म्हणून. मार्चमध्ये त्या गेल्या.

मृतदेह इंग्लंडला गेला. आम्ही कार्गोच्या गेटपर्यंत गेलो होतो, त्यापुढे कोणी सोडत नाही. अंत्यविधीत त्यांची रेकॉर्ड लावली, असं नंतर कळलं. तीच, एकोणिसाव्या वर्षाची. मला इतका राग आला! सुनंदा म्हणाली, "त्यांच्याकडे दुसरं होतं काय लावायला?" बरोबर आहे. लाउंजमधलं गाणं कोण रेकॉर्ड करतो? आम्हीही केलं नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट कुणी जपून ठेवत नाही. आता बाईंचा तो आवाज माझ्या, आंतोनच्या, सुनंदाच्या कानात आहे, आम्ही गेलो की तोही जाईल. ह्या विचाराने मला अजून झोप लागत नाही, दुसरं काय लिहू.

गेल्या शुक्रवारी दुपारी घरचा फोन वाजला. ॲलिसन. बाईंसारखाच आवाज, फक्त कोवळा. आभार मानले, सामानाचं विचारलं. शेवटी म्हणाली, "तुमच्याकडे आईचं एखादं रेकॉर्डिंग आहे का? अलीकडचं? कसलंही चालेल, खराब असलं तरी." मी नाही म्हणालो. सुनंदाने माझ्या हातातला रिसीव्हर काढून घेतला, घरच्या कीबोर्डवर ठेवला आणि मला म्हणाली, "वाजवा." मी म्हटलं, "अगं, गाणार कोण?" ती म्हणाली, "वाजवा हो."

मी बाईंच्या शेवटच्या पट्टीत ते गाणं वाजवलं. नुसती साथ. चाल नाही, शब्द नाहीत, रिकाम्या जागाच जास्त. शेवटच्या ओळीपाशी आलो आणि माझे हात आपोआप थांबले. शेवटच्या वर्षांत बाईंना तिथे दम पुरत नसे. त्यांनी श्वास घेतल्याचं कानावर आलं की मगच मी पुढचा सूर द्यायचो. हे मी कधी ठरवलेलं नव्हतं, बोटांनाच ते माहीत झालं होतं. वाकून मी रिसीव्हरमध्ये म्हटलं, "इथे तुझी आई श्वास घ्यायची. मी थांबायचो."

मी थांबलो होतो. मग फोनमधून, अगदी जवळून, एक मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि माझ्या बोटांनी पुढचा सूर दिला.