वाचला असं धरू या

आमच्या तत्त्वज्ञान विभागाचं दोन दिवसांचं चर्चासत्र त्या वर्षी कडावजवळच्या एका रिसॉर्टात झालं. विषय होता ‘दुःख : एक पुनर्विचार’. विद्यापीठातला हॉल मोफत मिळत होता, पण तिथे पोहण्याचा तलाव नव्हता.

विभागात माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी होती. खोपोलीत शिळफाट्याला राहायची, सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि उरलेल्या वेळात बौद्ध विचारातल्या दुःखाच्या संकल्पनेवर लिहायची. चर्चासत्राच्या आठवडाभर आधी ती माझ्या खोलीत आली.

“सर, माझा पेपर पहिल्या दिवशी सकाळी ठेवाल का? बाबा ऐकायला येणार आहेत. दुपारनंतर त्यांना बसवत नाही.”

तिचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, त्यांच्या वस्तीतल्या विहारात रोज ग्रंथवाचन होतं, ते वीसेक वर्षं त्यांनीच केलं होतं. मग घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. आता तो फुप्फुसात उतरला होता.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“पावसाळ्याचं काही बोलत नाहीत,” ती म्हणाली.

सकाळच्या सत्राचा अध्यक्ष मीच होतो. मी तिचा पेपर साडेअकराला लावला आणि काळजी करू नकोस म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत फार वापरलं आहे.

त्या दिवशी ती दोघं नऊलाच रिक्षाने येऊन बसली होती. वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्याला रुमाल बांधून, तिसऱ्या रांगेत. मांडीवर लहान मुलांची असते तशी पाटी. मी नमस्कार करायला गेलो तर त्यांनी तीवर ‘जय भीम सर’ लिहून दाखवलं आणि रुमालाच्या टोकाने पुसलं.

“बाबांनी मला बजावलंय,” मुलगी हसत म्हणाली, “एक पान गाळायचं नाही. विहारात तीन माणसं असली तरी ते पूर्ण वाचायचे. पाऊस गळत असला तरी.”

वडिलांनी पाटीवर लिहिलं, ‘आधी वाच. मग विचारतो.’

प्रमुख पाहुणे दहाला यायचे ते सव्वाअकराला आले. मग दीपप्रज्वलन. एसीच्या झोतात वात चार वेळा विझली. शेवटी एसी बंद करून ज्ञानाचा दिवा लावण्यात आला. मग सत्कार. कुलगुरूंच्या प्रतिनिधींचा, पाहुण्यांचा, पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्यांचा, आणि रिसॉर्टच्या मालकांचा, ज्यांना आपण कशासाठी उभे आहोत हे शालीखालीही कळत नव्हतं. मग पाहुणे दुःखावर तासभर बोलले. अतिशय आनंदात बोलले. त्यांचा एक विनोद संपला की वडिलांना खोकला येई. तो खोकला आवाजाशिवाय असायचा, नुसते खांदे हलायचे. मुलगी त्यांना पाण्याचा घोट द्यायची आणि माझ्याकडे बघायची.

पाहुणे बसले तेव्हा एक वाजून गेला होता. वाढपी बाई दारातून डोकावली. “सायेब, भात गार झाला. दोनला साखरपुडेवाले येनार हायत हॉलात. वाढू का नाय?”

विभागप्रमुख बाई माझ्या कानाशी वाकल्या. “उरलेले पेपर वाचले असं धरू या. प्रमाणपत्रं तयारच आहेत.”

ही आमच्याकडची जुनी रीत. वेळ संपली की उरलेले पेपर वाचले असं धरतात. कुणाचं नुकसान होत नाही; नोंद होते, प्रमाणपत्र मिळतं, ऐकणारे सुटतात. मी स्वतः असे सहा पेपर ‘वाचलेले’ आहेत.

मी म्हणू शकलो असतो, एकच पेपर घेऊ, वीस मिनिटं. तिला शब्द दिला होता आणि घंटी माझ्याच समोर होती. का म्हणालो नाही याचं भारदस्त कारण मी नंतर पुष्कळ शोधलं. मला भूक लागली होती.

मी माइकवर ते वाक्य म्हणालो. मुलगी हातात कागद घेऊन अर्धवट उठली होती, ती तशीच खाली बसली. त्याच वेळी तिच्या शेजारी पाटी वर झाली. वडिलांनी ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती, माझ्या दिशेने. तीवर दोन-तीन ओळी होत्या. माझा चष्मा टेबलावर होता. मी हसून म्हणालो, “प्रश्न जेवणानंतर,” आणि घंटी वाजवली.

जेवणानंतर ती दोघं नव्हती. तिचं प्रमाणपत्र मी विभागाच्या टपालाने पाठवलं.

मे महिन्यात ते गेले. पुण्यानुमोदनाला मी शिळफाट्याला गेलो. घरासमोर मांडव, फोटोला हार, चटयांवर वस्तीतली माणसं. वंदना झाल्यावर ती उभी राहिली आणि तिने तो पेपर वाचला. अकरा पानं, तळटीपांसह. माणसं मुकाट्याने ऐकत होती. किती कळत होतं ठाऊक नाही, पण कुणी उठलं नाही. मध्ये लाइट गेली तेव्हा एका म्हाताऱ्याने मोबाइलची बॅटरी कागदावर धरली. “वाच गं बाय,” तो म्हणाला, “आमी हाय.”

नंतर ती माझ्याजवळ आली.

“सर, एक विचारायचं होतं. त्या दिवशी बाबांनी पाटी तुम्हाला दाखवली ना? मला बाजूने दिसली नाही. रिक्षात विचारलं तर त्यांनी पुसून टाकलेली. नंतर कितीदा विचारलं, ‘राहू दे’ एवढंच लिहायचे. काय लिहिलं होतं?”

“मी वाचलं नाही,” मी म्हणालो.

 तिने मान हलवली.

“पंगत बसतेय, सर. जेवून जा.”

मी बसलो. कुणीतरी खीर वाढली. मी जेवलो.