बाटली आमची, आतलं नाही

बाबा दर रविवारी संध्याकाळी अमरावतीहून आत्याला फोन करतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात, "ती बोलते का काही?" मी समोरच बसलेली असते. आत्या माझ्याकडे एक नजर टाकते आणि सांगते, "नाही."

आत्या नोकरीभर पोस्टाच्या काउंटरवर बसली. समोरच्यानं थोडक्यात बोलावं आणि बाजूला व्हावं, अशी तिची अजूनही अपेक्षा असते. त्यामुळे आमचं चांगलं जमतं. खराडीत नोकरी लागल्यावर मी तिच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा तिनं एकच अट घातली होती. "या घरात दारू आलेली मला चालणार नाही." मी मान हलवली. तेव्हा मी वाइन प्यायलेच नव्हते, त्यामुळे मान हलवणं सोपं गेलं.

वाइन ऑफिसमुळे आली. आमच्या टीममधले काही जण महिन्यातून एकदा जमून वेगवेगळ्या वाइन चाखायचे. मी दोनदा गेले. ग्लास नाकाशी धरून प्रत्येकानं काहीतरी म्हणायचं असतं. कुणी म्हणालं चेरी, कुणी म्हणालं चामडं. चामडं म्हणणाऱ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "नाइस." दुसऱ्या वेळी म्हणाले, "व्हेरी नाइस." इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढून माझी एवढीच प्रगती झाली होती. तिसऱ्या वेळी गेले नाही.

पण वाइन मला खरोखरच आवडली होती. आमच्या ऑफिसजवळ एक मोठं दुकान आहे. तिथं काउंटरवर गर्दीतून हात घालून ओरडावं लागत नाही. फळीवरून बाटली उचलायची, मागचं लेबल हवा तितका वेळ वाचायचं, पैसे देऊन निघायचं. मला वाइनइतकंच ते दुकानही आवडलं. वाचनालयात जावं तशी मी तिथं जायला लागले. आणि एका शुक्रवारी टीमबरोबर चाखलेली नाशिककडची एक रेड वाइन लॅपटॉपच्या बॅगेतून आत्याच्या घरात आली.

एकटीला एका वेळी एक ग्लास पुरतो. उरलेली वाइन हवेनं बिघडते, म्हणून ती लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून थंड ठेवावी, असं मी वाचलं होतं. आत्या जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव समभाग कोमट पाण्यातून घेते आणि रिकाम्या बाटल्या धुऊन ओट्याखाली ठेवते. गडद रंगाची, घट्ट झाकणाची, बरोबर मापाची बाटली. लपवण्यासाठी म्हणून नाही, निव्वळ शास्त्रीय दृष्टीनंही तिच्याहून चांगली बाटली मला मिळाली नसती. मी ती भरली आणि फ्रिजमध्ये ताकाच्या पातेल्यामागे ठेवली.

पुढच्याच आठवड्यात आत्याचं द्राक्षासव संपलं. ताक काढताना तिला मागची बाटली दिसली. उन्हाळा आहे म्हणून आपणच आत ठेवली असेल, असं तिला वाटलं. मी ऑफिसातून यायच्या आत तिचं जेवण आणि दोन चमचे दोन्ही झालेले असायचे, त्यामुळे मला पत्ता नव्हता. शनिवारी सकाळी ती बाटली पिशवीत घालून चपला घालताना दिसली.

"औषधात भेसळ आहे," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर. साक्षीदार पाहिजे."

तिच्या पिशवीत माझी अर्धी वाइन होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चपला घातल्या.

शनिपारजवळचं ते आयुर्वेदिक औषधांचं दुकान आत्याच्या कायमच्या ओळखीचं आहे, म्हणजे मालक आणि ती एकमेकांशी कधी गोड बोलत नाहीत. आत्यानं बाटली काउंटरवर ठेवली.

"हे काय आहे?"

मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "द्राक्षासव."

"मलाही तसंच वाटत होतं. घेऊन बघा."

"आम्ही औषध विकतो बाई, घेत नाही."

"मग वास तरी घ्या. का त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते?"

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. परत घेतला. "बाटली आमची आहे," ते म्हणाले. "आतलं आमचं नाही."

"म्हणजे आतलं मी घरी केलं?"

"ते तुम्हाला माहीत."

मागे त्रिफळा चूर्ण घ्यायला आलेले एक आजोबा होते. त्यांचं चूर्ण मिळालं होतं, पण ते निघेनात. मी गुळवेलीच्या गोळ्यांच्या जाहिरातीकडे बघत उभी होते. आत्याला कळलं तर संध्याकाळपर्यंत बाबांना कळेल, आणि पुढच्या महिन्यात मी वाघोलीत, एका खोलीत चार कॉट असलेल्या कुठल्यातरी पीजीमध्ये असेन. तिथल्या तीन मुली मला रोज विचारतील की तू बोलत का नाहीस. गप्प राहणं एवढंच माझ्या हातात होतं, आणि ते मला जन्मतः येतं.

मालकांनी झाकणात थोडं ओतून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आंबलंय. गोडी नावाला नाही. मोरीत ओता."

"ओतते कशाला? कंपनीकडे तक्रार करते. खराब माल आहे."

"आंबलेलं नाहीये ते," कुणीतरी म्हणालं.

ती मी होते. मालक, आत्या आणि त्रिफळावाले आजोबा असे तिघंही माझ्याकडे वळले. मला थांबता आलं असतं. पण आत्या खराब माल म्हणाली होती.

"ते गोड नसतंच. द्राक्षातली साखर संपेपर्यंत मुरवतात. आणि तुरटपणा सालींचा आहे. जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी होते, पण म्हणून जांभूळ खराब नसतं ना? तुम्ही लगेच गिळलंत. जरा तोंडात धरून बघा."

का कोण जाणे, मालकांनी आणखी थोडं ओतलं आणि तोंडात धरलं.

"शेवटी मिरीसारखं काहीतरी लागतंय," ते म्हणाले.

"हो!" मी जवळजवळ ओरडले. "मलाही मिरीच वाटली होती! सगळे चेरी म्हणत होते!"

"हे तुला कसं माहीत?" आत्यानं विचारलं.

त्रिफळावाले आजोबा पुढे झुकले. "वाइन आहे का हो?"

मालकांनी झाकण घट्ट लावलं आणि बाटली आत्याकडे नाही, माझ्याकडे सरकवली. मग मागच्या कपाटातून नवं द्राक्षासव काढून आत्यासमोर ठेवलं. "हे विकत. बदलून मिळणार नाही."

घरी आल्यावर आत्यानं दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्यासमोर बसली. मी मनात कॉट निवडत होते. खिडकीजवळची मिळाली असती तर बरं.

"दारूचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी मला सांग, एका बाटलीत दुसरंच भरायचं ही कुठली पद्धत? डब्यावर पोहे लिहिलं असेल तर आत पोहेच निघाले पाहिजेत."

"चुकलं."

"मी समभाग पाणी घालून घेतलं ते. कोमट."

"कोमट?" माझ्या तोंडून निघून गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

मग तिनं चष्मा लावून नव्या द्राक्षासवाचं लेबल वाचायला घेतलं. इतकी वर्षं ती फक्त दोन चमचे आणि समभाग पाणी एवढंच वाचत आली होती. आता खालची बारीक अक्षरंही वाचली.

"यात अल्कोहोल आपोआप तयार होतं म्हणे."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी अट घातली तेव्हा बोलली नाहीस?"

"तेव्हा माहीत नव्हतं. नंतर लेबल वाचलं."

आत्यानं बाटली हातात फिरवली. बराच वेळ घेतला. काउंटरवरचा माणूस नियम बघून येतो म्हणून आत जातो आणि आपण बाहेर उभे असतो, तसं मला वाटत होतं.

"तुझं तुझ्या बाटलीत ठेवायचं," ती शेवटी म्हणाली. "समोर. ताकामागे नाही. आणि एक ग्लास म्हणजे एकच." उठताना म्हणाली, "त्या दोन चमच्यांनी पित्त नाही झालं, हे मात्र खरं."

तेव्हापासून जेवणं झाली की ती तिचं वाटीत ढवळते आणि मी माझं ग्लासात ओतते. "आजचं कसं आहे?" ती विचारते, पोस्टात पाकिटाचं वजन विचारावं तशी. मी सांगायला लागते. परवाच्या व्हाइट वाइनला कैरीच्या सालीचा वास होता, एवढं सांगायला मला पाऊण तास लागला, असं तिचं म्हणणं आहे.

या रविवारी बाबांचा फोन आला. शेवटचा प्रश्न मला समोर बसून ऐकू आला. आत्यानं माझ्याकडे एक नजर टाकली.

"बोलते की," ती म्हणाली. "जेवणानंतर जरा जास्तच."