परिषदेत फुटलेला ठोकळा

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. साइटवरच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत ठोकळेबाईंनी पाण्याच्या टाकीतून काँक्रीटचा आठ किलोचा ठोकळा उचलला, फडक्यानं पुसला आणि मशीनखाली ठेवून दाब वाढवत नेला. ठोकळा फुटला. बाईंनी आकडा लिहून पुढचा उचलला. एकोणीस वर्षं हेच चाललंय. प्रत्येक स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे, ठरल्या दिवशी फोडायचे. बाईंचा आकडा आल्याशिवाय स्लॅबखालचे टेकू निघत नाहीत. त्यामुळे साइटवरचे निम्मे लोक त्यांना मान देतात, निम्मे शिव्या देतात. काम मागे पडलं की मान देणारेही पलीकडे जाऊन मिळतात.

त्या दिवशी दारात मालकाचा इंजिनियर भाचा उभा होता. "ठोकळ्यांचा जमाना गेला, बाई. आता सेन्सर येतोय. स्लॅबमध्ये सोडायचा, ताकद थेट फोनवर."

मालकाचं जवळपास ठरलंच होतं. पुढच्या स्लॅबचे टेकू फोनवरचा आकडा बघून पाचव्या दिवशी काढायचे, प्रयोगशाळा बंद आणि बाई गोदामात. गोदामाला बाईंची ना नव्हती. तिथं निदान पंखा होता. पण त्याच स्लॅबखाली त्यांचा धाकटा दीर पाइप टाकतो.

"वहिनी, स्लॅब खाली आला तर फोनवर तसं कळेल ना?" दीर म्हणाला.

"कळेल की. भाचेसाहेबांना."

या सेन्सरचं प्रात्यक्षिक एका बांधकाम तंत्रज्ञान परिषदेत होणार होतं. भाचा ते घरबसल्या स्क्रीनवर बघणार होता. "तिकडे जाऊन वेगळं काय दिसणार? इथं उलट जवळून दिसतं." मालकाकडे निमंत्रणाचा पास होता, पण मागच्या वर्षी परिषदेच्या खुर्चीत झोपून त्यांची मान आठवडाभर वाकडी राहिली होती. बाईंनी पास मागितला. "जा," मालक म्हणाले. "पिशव्या चांगल्या देतात."

दारावर मालकाच्या नावाचा बिल्ला तयारच होता. "व्यवस्थापकीय संचालक" ही अक्षरं गळ्यात अडकवून बाई आत शिरल्या आणि एकोणीस वर्षांत मिळाले नसतील तेवढे नमस्कार त्यांना दहा मिनिटांत मिळाले. जेवणापर्यंत तीन भाषणं झाली. तिन्हींत भविष्य उज्ज्वल होतं. पहिल्या रांगेला ते झोपेत समजलं.

जेवणाच्या रांगेत पुढे एका पुलाच्या कामावरचा फोरमन होता. सेन्सरचा विषय निघताच तो ताट हातात घेऊन मागे वळला. "ते यंत्र उष्णता मोजतं, ताई, ताकद नाही. उष्णतेवरून ताकद काढायचा तक्ता असतो आणि तो ज्याच्या त्याच्या मिश्रणाचा वेगळा. आम्ही सेन्सर कंपनीचाच तक्ता वापरला, ताकद होती त्यापेक्षा जास्त दिसली. अख्खी कड तोडून पुन्हा ओतावी लागली."

"भाषणात कुणी नाही बोललं हे."

"कोण बोलणार? सकाळचं दुसरं भाषण आमच्याच साहेबांचं होतं."

बाईंनी त्याचा नंबर घेतला आणि सेन्सरचा स्टॉल गाठला. टेबलावर सेन्सर घातलेला एक ठोकळा होता आणि शेजारच्या फोनवर आकडा झळकत होता : बत्तीस.

"तक्ता कुणाच्या मिश्रणाचा?" बाईंनी विचारलं.

"कंपनीच्या, मॅडम. जगभर चालतो," स्टॉलवरचा टायवाला म्हणाला.

"आणि हा ठोकळा कुणी भरला?"

"इथल्याच मंडपवाल्याच्या माणसांनी, गेल्या आठवड्यात. आम्हाला वेळ नव्हता हो."

लागूनच्या स्टॉलवर ठोकळे फोडायची मशीन विकायला ठेवली होती. बाईंनी ठोकळा उचलला आणि तिकडे निघाल्या. टायवाल्यानं हात पुढे केला, बिल्ला वाचला आणि हात मागे घेतला. मशीनवाला तर खूश झाला. सकाळपासून त्याच्याकडे फोडायला कुणी काही आणलंच नव्हतं. दाब वाढला, गर्दी जमली, ठोकळा फुटला. मशीनवरचा आकडा : एकोणीस.

"मॅडम, तो फक्त नमुना होता!"

"आमचा स्लॅब नमुना नाहीये ना, दादा."

त्या वेळी भाच्याच्या स्क्रीनवर "थोड्याच वेळात परत येत आहोत" अशी पाटी आणि बासरी होती. इंटरनेट गेलं असावं म्हणून त्यानं दोनदा वायर काढून लावली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मालकापुढे दोन गोष्टी ठेवल्या : मशीनवाल्यानं दिलेली त्या आकड्याची छापील पट्टी आणि फोरमनचा नंबर. मालक फोरमनशी अकरा मिनिटं बोलले. मग म्हणाले, "म्हणजे सेन्सर घ्यायचाच नाही?"

"घ्या की. वस्तू चांगली आहे. पण तक्ता आपल्या मिश्रणाचा करू. तो होईपर्यंत टेकू माझ्या आकड्यावर निघतील."

"आणि तक्ता कसा करायचा?"

"सतरा ठोकळे भरायचे. दोनांत सेन्सर, बाकीचे ठरल्या दिवशी फोडून आकडा सेन्सरच्या उष्णतेपुढे लिहायचा."

"ठोकळे बंद करायच्या यंत्रासाठी ठोकळे?" मालकांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं खिडकीकडे पाहिलं.

सेन्सर गेल्या आठवड्यात आले. आज सकाळी नऊला सतरा ठोकळे भरून झाले. भाच्यानं भरलेले दोन पोकळ निघाले, ते बाईंनी पुन्हा भरायला लावले. नव्या स्लॅबचे टेकू जागेवर आहेत आणि खाली दीर पाइप टाकतोय. उद्या सकाळी नऊ वाजता तक्त्यासाठीचे पहिले तीन ठोकळे फुटतील.