सुरेखाच्या वाटणीचं दूध

हे मी आजवर कुणापाशी बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई. नारायणगडावर हात जोडून उभी राह्यले, तवा बी लेकरांचं बरं कर एवढंच म्हणून परत आले. आज तुमच्यापाशी बोलते — कावून, ते विचारू नका.

माझी लेकरं जुळी. सुरेखा आन् संतू. दहा वर्षांची होईस्तोर दोघं डोक्याला डोकं. मग एका उन्हाळ्यात सुरेखा अशी वाढली, की झगा गुडघ्याच्या वर गेला. संतू होता तिथंच. दूध सोसायटीवर बाया दोघांला पाठीला पाठ लावून उभं करायच्या — "अगं, पोरीनं पोराची उंची गिळली की!" मी बी हसायची, आन् घरी येऊन रडायची. थट्टाच ती... पण माझ्या डोक्यात शिरली. एकाच पोटातली दोघं — एकाचं दुसऱ्यानं खाल्लं असंल, असं खरंच वाटलं मला.

साल दुष्काळाचं. धारूरकडं डोंगरात आमचं गाव. प्यायला टँकर, गाय चारा छावणीत. सोसायटीला घालून तांब्याभर दूध घरी यायचं. ते मी दोघांत वाटायची.

आता कसं सांगू?

मी सुरेखाचं दूध तोडलं. "गाय आटत आली गं बाय, घरापुरतं निघत न्हाई," म्हणाले. ती टँकरवर हंडा घेऊन गेली, की मी संतूला चुलीपाशी बसवून समदा तांब्या पाजायची. "बोलशील तर बघ," असा वर दम. वरणातली घट्ट डाळ त्याला, वरचं पाणी तिला. चांगलं वर्ष-दीड वर्ष चाललं हे. खोटं एकदा बोलून भागतं का? रोज बोलावं लागतं.

एकदा छावणीत गेले — हे सांगायलाच जीभ उचलत न्हाई — तर सुरेखा गायीपुढं बसलेली. स्वतःची अर्धी भाकर तिला चारत होती. "खा गं. मला नको, पण संतूपुरतं तरी दूध दे. त्याला समदे खुजा म्हणत्यात." मी मागं उभी. समदं ऐकलं. आन् संध्याकाळी तांब्या संतूलाच दिला.

पुढं मिसरूड फुटायच्या टायमाला संतू झपाट्यानं वाढला, बापाच्या वर गेला. मला वाटलं, माझ्या दुधानं. सुरेखा मात्र तिथंच थांबली. पळायला लई जोरात होती पोरगी, पोलीस व्हायचं म्हणून पहाटं डांबरीवर धावायची. बीडला भरतीला गेली. पळायच्या आधी उंची मोजली — बोटभर कमी. पळूच दिलं न्हाई तिला.

परवा संतूच्या बाळाला लस द्यायला नेलं. तिथं एक बाई आपल्या पोरीचं गाऱ्हाणं करीत होती, वर्गातल्या पोरांपेक्षा उंच झाली म्हणून. नर्सबाई हसली. "पोरी आधी वाढतात, पोरं दोनेक वर्षं मागून. सगळीकडं असंच असतं." बाळ मांडीवर, आन् मी मनात मागली वर्षं मोजत बसले. म्हंजे संतू वाढणारच होता? कुणाचं काही न तोडता?

सुरेखाचं हाडच तसं असंल, असं कुणी म्हणंल. असंल बी. पण तिच्या तोंडातला घास मी काढला.

ह्या दिवाळीला ती माहेरी आली होती. फळीवरचा डबा काढायला टाचा उंच केल्या, तरी हात पुरंना. हसली आन् म्हणाली, "दुष्काळानं माझी उंची खाल्ली बघ, माय. गाय आटली नसती, तर आज वर्दीत असते मी."

मी डबा काढून दिला. म्हणाले, "व्हय बाय. दुष्काळच तसा होता."

गाय आटली नव्हती.