मायानला तिच्याच फायली उघडेनात

शब्बाथ शालोम मंडळी. दिवे लावायला अजून अवकाश आहे, कालवणही चुलीवर आहे, म्हणून दुपारची गोष्ट लिहिते. आता हसू येतं, तेव्हा नव्हतं येत.

माझी नात मायान कॉम्प्युटरच्या कंपनीत नवीनच लागली आहे. तिथे सगळ्यांचं काम एका प्रोग्रामात जमा होतं. तिचं आज शब्बाथआधी जायलाच हवं होतं, कारण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की शनिवारभर आमच्याकडे कॉम्प्युटरला हात नाही आणि रविवारी सकाळी ते गिऱ्हाइकाला द्यायचं होतं.

पोर घरच्या कॉम्प्युटरवर बसली, तर एकही फाईल उघडेना. सारखं "परवानगी नाही" येई. पासवर्ड बदलून झाला. मी म्हटलं, "बाय, चहा तरी घे."

"रेगा, सावता." म्हणजे थांब, आजी. नोकरी जाते की काय, असा चेहरा.

शेवटी ऑफिसातल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "इथून तुला सगळी परवानगी दिसते. तिथे कॉम्प्युटर कुणाच्या नावाने चालू आहे?"

तिने बघितलं आणि हळूच म्हणाली, "सावताच्या."

सकाळी त्याच कॉम्प्युटरवर तुमची पत्रं वाचून मी तो माझ्या नावाने चालूच सोडला होता. आणि मी काही पुसून टाकीन म्हणून माझ्या नावाला त्या फायलींची बंदी तिनेच घातली होती.

नाव बदललं, काम वेळेत पोचलं. मग मलाच म्हणते, "सावता, उठताना बंद करत जा."

म्हटलं, "बंदी तू घातलीस. मी फक्त खुर्ची गरम ठेवली."

तुमच्या नातवंडांनी तुम्हाला कशाकशाची बंदी केली आहे?