वहिनींचा ताळा

दुधात पाणी आहे का, असं आमच्या वहिनी विचारत नाहीत. किती आहे, ते विचारतात. दवाखान्याच्या औषधखिडकीत बसून बसून स्वभावच तसा झालाय. दादा गेल्यापासून आईच्या गोळ्यांना त्यांनी मला हातसुद्धा लावू दिलेला नाही. मी सख्खा मुलगा, पण भरवसा शून्य!

आता त्या खिडकीत कॉम्प्युटर येणार होता. प्रोग्रामिंगची परीक्षा पास होईल तो राहणार, बाकीच्यांना नारळ. त्यातला एक प्रश्न आधीच सांगून ठेवला होता, अटीसकट: गोळ्यांची बेरीज करणारं फंक्शन लूप न वापरता लिहा. फंक्शन म्हणजे नेमून दिलेलं एक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा; लूप म्हणजे फेऱ्या मारत तेच काम करणं. वहिनींना तो फार प्रिय. प्रत्येक फेरी डोळ्यांनी दिसते ना!

मी प्रोग्रामर, म्हणून शिकवायला बसलो. टेबलावर गोळ्यांची पाकिटं मांडली.

"पहिल्या पाकिटातल्या गोळ्या घ्या आणि त्यात उरलेल्या पाकिटांची बेरीज मिळवा."

"उरलेल्यांची कोण करणार?"

"हेच फंक्शन."

"म्हणजे ज्याला अजून जमलेलं नाही, त्यालाच विचारायचं?" मीच एक पाकीट खिशात घातल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, माझी फिरकी घेताय?"

"अहो, दर वेळी एक पाकीट कमी होतं! सगळी संपली की शून्य सांगून थांबायचं."

"आणि नाही थांबलं तर?"

"म्हणून थांबायचं कधी, ते आधी लिहायचं."

हे मात्र त्यांना झटकन पटलं. नवखी माणसं नेमकं हेच विसरतात. वहिनी कसल्या विसरतायत!

फंक्शन बरोबर आलं. मी शाबासकी देणार, तोच वहीत त्याच्या खाली नजर गेली. तिथे चक्क एक लूप!

"हे काय?"

"ताळा. वरच्याने नीट मोजलंय का, ते बघायला."

मी कपाळावर हात मारला. "लूप दिसला की प्रश्न गेला, वहिनी! पहिलं पाकीट तुम्ही मोजलंत, उरलेलं सोपवलंत. आता सोडा की त्याच्यावर!"

त्यांनी लूप पुसला, पण नाइलाजाने. मग हळूच म्हणाल्या, "परीक्षा दिवसभर आहे. आईंच्या दुपारच्या गोळ्या... जाऊ दे. नाही जात मी."

मला रागच आला. नोकरी गेली तरी चालेल, पण गोळ्या माझ्या हातात नाही द्यायच्या? "सकाळच्या तुम्ही द्या, उरलेल्या मी देतो," मी जवळजवळ ओरडलोच.

शेवटी त्यांनी गोळ्यांची डबी पुढे सरकवली.

परीक्षेच्या दिवशी मी वहिनींच्या फोनची वाट बघत होतो. एकदाही वाजला नाही. संध्याकाळी वहिनी आल्या.

"कसा गेला पेपर?"

"सोपा होता. म्हणूनच संशय येतोय."

"आणि तो प्रश्न?"

"लिहिला. ताळा नाही केला."

पलंगावरून आई म्हणाली, "अगं, याने दिल्यात गोळ्या, पण मोजून बघ हो!"

वहिनींचा हात डबीपर्यंत गेला आणि थांबला. न उघडताच त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "रात्रीच्याही तुम्हीच द्या, भावजी."

मला भरून आलं. स्वयंपाकघरात जाऊन मी गोळ्या काढल्या आणि दोनदा मोजल्या. चुकल्या असत्या तर?