सासरे आत, कडी बाहेर

माझ्या सासऱ्यांना मी एकदा न्हाणीघरात कोंडलं, आणि तेही अत्यंत आदरानं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मेलकावेरीतल्या आमच्या घरी न्हाणीघराच्या दाराच्या बिजागऱ्या ढिल्या झाल्या होत्या. झुकलेलं दार फरशीवर असं करकरायचं, की आंघोळीला कोण गेलं ते अख्ख्या गल्लीला कळे! त्यातच तंजावरहून सासरे यायचे होते. आमच्या गावाजवळच्या तिरुवलंचुळीच्या विनायकाला त्यांनी अभिषेक बोलला होता.

"आसारीला बोलवा हो," बायको रुक्मिणी म्हणाली. (आमच्याकडं सुताराला आसारीच म्हणतात.)

"एवढ्याशा कामाला आसारी? मी आहे ना!"

"म्हणूनच म्हणत्यें!"

मी दार उतरवलं. स्क्रूची भोकं रुंदावली होती, त्यांत काड्यापेटीतल्या काड्या ठोकल्या. (संध्याकाळी स्टोव्ह पेटवायला काडी उरली नाही!) दार परत चढवलं. काय सांगू, लोण्यासारखं फिरलं! मी स्वतःच चार वेळा उघडून मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे आंघोळीला आत गेले. लगेच हाक आली, "जावईबापू, कडी कोठें गेली?"

मी पाहिलं. कडी माझ्याकडं होती. दार मी उलटं बसवलं होतं! खालचं वर, आतलं बाहेर!

पण सासऱ्यांसमोर कबूल कसं करायचं? "अप्पा, तुम्हांला कशाला त्रास? मी इकडून लावतों!" म्हणत मी कडी सरकवली. तिच्यासमोर भोक नव्हतंच. ती चौकटीच्या भेगेत घुसली आणि रुतली.

ओढलं, हलेना. तेल ओतलं, हलेना. वरवंट्यानं ठोकलं, तर आणखी आत!

"अहो, माझे वडील आंत आहेत!" रुक्मिणी ओरडली.

"ठाऊक आहे! मीच कोंडलंय!"

आत अप्पांनी अथर्वशीर्ष सुरू केलं होतं. पहिलं आवर्तन शांत झालं. तिसऱ्याला आगगाडीचा वेग आला. मधेच, "अभिषेक दहाचा आहे हो!"

आता एकच उपाय होता. बिजागऱ्या आतून होत्या. मी स्टुलावर चढून झरोक्यातून स्क्रू ड्रायव्हर आत दिला. (जावयानं सासऱ्याला काय द्यावं याचे रिवाज आहेत, हा कुठल्याच रिवाजात बसत नव्हता.)

"काय घट्ट बसवलें आहे हो!" आतून आवाज आला. माझ्या कामाचं झालेलं हे एकमेव कौतुक.

शेवटचा स्क्रू निघाला आणि दार कडीसकट माझ्या अंगावर आलं. मी खाली, दार वर, आणि उंबऱ्यात ओल्या पंच्यात, हाती स्क्रू ड्रायव्हर घेतलेले अप्पा! ठोकाठोक ऐकून जमलेल्या शेजारणी पदर तोंडाला लावून पळाल्या.

रिक्षानं अप्पा वेळेवर पोचले. अभिषेक झाला. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत.

पुढं धाकट्या मेहुणीला स्थळ आलं. मुलाचं शिक्षण, पगार, गोत्र, अप्पांनी काही काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मुलास घरी ठोकठाक करावयाची हौस आहे?"

"छे हो! इकडची काडी तिकडं करत नाही!" स्थळ आणणारा म्हणाला.

अप्पांनी जागच्या जागी साखर वाटली!